हृदयरोग टाळायला शिकवणारा फोंड्यातील वर्ग: एक परीक्षण

फोंडा शहरातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी हृदयरोगाविषयीचा एक वर्ग भरतो. सहा सत्रे, प्रत्येक सत्र दोन तासांचे, पूर्ण वर्गाचे शुल्क ५०० रुपये आणि शिकवण्याची भाषा मराठी, असे त्याचे स्वरूप आहे. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या एक डॉक्टरबाई, अतिदक्षता विभागात दीर्घकाळ काम केलेल्या एक परिचारिका आणि एक तरुण आहारतज्ज्ञ असे तिघे मिळून तो चालवतात. गोव्यात आरोग्य शिबिरांना तोटा नाही. चवथीच्या आधी, देवस्थानच्या जत्रेला, एखाद्या मंडळाच्या वर्धापनदिनी कुठे ना कुठे मांडव घालून साखर आणि रक्तदाब तपासला जातो, हातात एक चिठ्ठी दिली जाते आणि माणूस घरी जातो. त्या चिठ्ठीवरच्या आकड्यांचे पुढे काय करायचे, हे बसून समजावणारी जागा मात्र सहसा सापडत नाही. हा वर्ग ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो, आणि मी तो पूर्ण केल्यावर त्याच्या गुणदोषांसह त्याची नीट ओळख करून देणे मला आवश्यक वाटले.

अशा वर्गाची गरज गोव्याला इतरांपेक्षा अधिक आहे, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी एका आकड्यावरून दाखवून दिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशभरात ११.४ टक्के आहे, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांमध्ये सर्वाधिक आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येतेच असे नाही, ही गोष्ट त्यांनी या आकड्याशी जोडून सांगितली. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत असे त्यांनी विचारले, तेव्हा वर झालेले हात पाहून त्या आकड्याला वेगळ्या पुराव्याची गरज राहिली नाही.

पहिले सत्र रोग मुळात होतो कसा, याचे होते. सर्वसाधारण समजूत अशी असते की नळात गाळ साचावा तशी रक्तवाहिनीत चरबी साचत जाते आणि एके दिवशी वाट बंद होते. डॉक्टरबाईंनी ही समजूत चित्रे काढून दुरुस्त केली. रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली शिरते, त्याला गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात, स्वतःच चरबीने फुगतात आणि अस्तराखाली मऊ गाठ तयार होते. ही गाठ बऱ्याचदा वाहिनीच्या पोकळीत फारशी डोकावतही नाही. तिच्यावरचे पातळ कवच फाटले की तेथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत प्रवाह थांबतो. ज्या जागी आधी ३० किंवा ४० टक्केच अडथळा होता तेथेही असा प्रसंग घडू शकतो. म्हणूनच फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली (ट्रेडमिल) तपासणी चांगली आली, आता काळजी नाही, असे म्हणून सिगारेट चालू ठेवणाऱ्याचे समाधान खरे नसते. मी आजवर ऐकलेल्या व्याख्यानांमध्ये ‘ब्लॉकेज किती टक्के’ या प्रश्नापलीकडे कोणी गेले नव्हते. येथे तो प्रश्न बाजूला ठेवून गाठ तयार होऊच नये आणि झालेली फाटू नये यासाठी काय करता येते, यावर सगळा भर होता.

या विवेचनाला त्यांनी इतिहासाची थोडी जोड दिली. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांची वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली आणि उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध त्यातून पक्का झाला. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाने दाखवले की पहिल्या झटक्यामागील धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग नऊ गोष्टींनी स्पष्ट होतो, आणि त्या नऊच्या नऊ गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे लवकर येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. ‘आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून हात टेकणाऱ्या माणसाला हा अभ्यास समजावून सांगणे फार मोलाचे आहे. घराण्याचा वाटा असतोच, पण त्या वाट्याच्या आधाराने बाकीच्या नऊ गोष्टी सोडून देता येत नाहीत.

दुसरे सत्र रक्तदाब मोजण्याचे. माझ्या मते संपूर्ण वर्गाचे शुल्क या एका सत्रातच वसूल होते. प्रत्येकाने घरचे यंत्र बरोबर आणायचे असते. परिचारिकाबाईंनी एका काकांना पुढे बोलावून खुर्चीत बसवले आणि ते घरी मोजतात तसे मोजायला सांगितले. काकांनी सदऱ्याची बाही वर सरकवून पट्टा बांधला, पायावर पाय टाकला, हात मांडीवर ठेवला आणि यंत्र चालू असताना ते बाजूच्याशी बोलत राहिले. आकडा आला १५८ वर ९६. मग बाईंनी त्यांना सदऱ्याची बाही पूर्ण काढायला लावली, कारण वर गुंडाळलेली बाही दंडाला आवळते. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून बसवले आणि म्हणाल्या, “काका, आता पाच मिनिटं एक शब्दही बोलायचा नाही. घरी काकूंनी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.” पाच मिनिटांनंतर आकडा १४२ वर ८८ आला, एका मिनिटाने पुन्हा मोजल्यावर १३८ वर ८६. त्याच माणसाचा, त्याच यंत्राचा, अर्ध्या तासातला हा फरक पाहून सगळा वर्ग आपापले पट्टे सोडून नव्याने बांधू लागला.

यानंतर जे शिकवले ते प्रत्येक घरात लिहून लावावे इतके उपयोगी आहे. दंडाच्या घेराला पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, त्यामुळे जाड दंडाच्या माणसाने मोठा पट्टा वेगळा घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, विडी किंवा चालणे नको आणि लघवी तुंबवून बसू नये. पहिल्या वेळी दोन्ही दंडांत मोजावे आणि ज्या दंडात जास्त येतो तोच पुढे धरावा. डॉक्टरांना दाखवण्यासाठी सलग सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोनदा मोजून आकडे वहीत लिहावेत आणि पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. इस्पितळात १४० वर ९० ही मर्यादा धरतात, घरी मोजताना मात्र १३५ वर ८५ च्या पुढे सरासरी गेली तर ती उच्च रक्तदाबाची खूण मानतात. एकाच दिवशी घाबरून दहा वेळा मोजण्याची सवय अनेकांना असते. ती सोडवण्यासाठी परिचारिकाबाईंनी वहीत आडव्या-उभ्या रेषा आखून त्या बाहेर काहीही लिहायचे नाही, असा दंडक घालून दिला आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. माझ्या शेजारी बसलेल्या एका वहिनींनी सासूबाईंचे आकडे टिपण्यासाठी तसलीच दुसरी वही तेथेच आखून घेतली.

तिसरे सत्र झटका आल्यावर काय करायचे याचे होते आणि तेही तितकेच भक्कम आहे. या सत्राचा विशेष असा की ते पूर्णपणे गोव्याच्या रस्त्यांवर आणि गोव्याच्या इस्पितळांवर बेतलेले आहे. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी वेदना, थंड घाम, दम लागणे ही लक्षणे सांगून झाल्यावर डॉक्टरबाईंनी स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात केवळ धाप, मळमळ किंवा अचानक आलेला कमालीचा थकवा एवढेच लक्षण असू शकते, हे दोनदा बजावले. ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोलकढी पिऊन किंवा सोडा घेऊन रात्र काढणाऱ्यांच्या हकिगती आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात. हृदयाला रक्त पोहोचणे बंद झाले की अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरायला सुरुवात होते, आणि काढलेली प्रत्येक घटका परत मिळत नाही.

गोव्यात ‘स्टेमी’ नावाचा सरकारी प्रकल्प चालतो, हे वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्याची रचना अशी आहे की बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) हे केंद्र आणि जिल्हा व उपजिल्हा इस्पितळांसारखी ठिकाणे ही त्याची उपकेंद्रे. रुग्ण जवळच्या उपकेंद्रावर पोहोचला की लगेच ईसीजी काढतात, तो तज्ज्ञांकडे पाठवून निदान पक्के करतात, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच विनामूल्य देतात आणि मग रुग्णाला पुढील उपचारासाठी गोमेकॉत हलवतात. याचा अर्थ असा की फोंडा तालुक्यातील माणसाने सरळ बांबोळीच्या वाटेला लागण्यापेक्षा १०८ ला फोन करणे किंवा फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ गाठणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, कारण उपचाराची सुरुवात त्यामुळे लवकर होते. स्वतः गाडी चालवत जाणे तर कधीही नको. हे ऐकल्यावर म्हार्दोळच्या एका गृहस्थांनी विचारले, “खासगी गाडी दारात उभी असताना रुग्णवाहिकेची वाट का पाहायची?” रुग्णवाहिकेत प्राणवायू आणि शॉक देण्याचे यंत्र असते, वाटेत हृदय थांबले तर खासगी गाडीत कोणी काही करू शकत नाही, हे उत्तर डॉक्टरबाईंनी शांतपणे दिले.

अॅस्पिरिनचा भाग मला विशेष सावधपणे शिकवलेला वाटला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत झटका आल्यावर दिलेल्या अॅस्पिरिनमुळे पुढील पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले होते, हे सांगून त्यांनी ही गोळी चावून खावी लागते आणि डॉक्टरांनी किंवा १०८ वरील कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यावी, हे स्पष्ट केले. ज्यांना तिची अॅलर्जी आहे किंवा पोटात रक्तस्राव झालेला आहे त्यांना ती घातक ठरते. जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवण्याची घरोघरची पद्धतही त्यांनी तपासून घेतली. त्याने कळ कमी होते, गुठळी हलत नाही, आणि रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. सत्राच्या शेवटी रबरी पुतळ्यावर छाती दाबण्याचा सराव होता. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबणे हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि दोघांनी आळीपाळीने दाबणे का आवश्यक आहे ते तेव्हाच पटते. पुतळा एकच असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा वेळ आला, तेवढी आयोजकांनी सोय वाढवायला हवी.

आता वर्गाच्या सर्वात कच्च्या भागाकडे वळतो. चौथे सत्र आहाराचे होते आणि त्याने माझी निराशा केली. आहारतज्ज्ञ मनापासून शिकवणारे आहेत, पण त्यांनी दाखवलेला तक्ता ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली आणि सॅमन मासा यांनी भरलेला होता. ज्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी दुपारी शीत आणि हुमण (भात आणि नारळाच्या वाटणातली माशांची आमटी) होते, तेथे हा तक्ता कोणाच्या पानात उतरणार होता? बांगडा आणि तारले यांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात, आणि हे मासे आपल्या बाजारात रोज मिळतात. प्रश्न आहे तो रव्यात घोळून भरपूर तेलात तळण्याचा. हुमणात शिजवलेला आणि तळलेला मासा यांत फरक काय, एवढे सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते.

नारळाविषयी तर मोकळी चर्चा व्हायलाच हवी होती. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के स्निग्धांश संपृक्त प्रकारचा असतो आणि शेंगदाणा, सूर्यफूल किंवा मोहरीच्या तेलाच्या तुलनेत ते एलडीएल वाढवते, हे अनेक चाचण्यांमधून दिसले आहे. ओल्या नारळात पाणी आणि चोथा असल्याने वाटणातला नारळ आणि चमच्याने घातलेले तेल सारखे नाहीत, तरीही रोजच्या चार माणसांच्या हुमणात दोन नारळ लागत असतील तर त्याचा हिशेब करावाच लागतो. नारळ सोडा असे सांगून गोव्यात कोणी ऐकणार नाही, आणि तसे सांगण्याची गरजही नाही. किती घरांमध्ये वाटण अर्धे करून चवीला तिरफळ, आमसूल आणि मिरची वाढवता येईल, हे शिकवणारा आहारतज्ज्ञ येथे हवा.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ सुचवते. वर्गात वेफर्स आणि इन्स्टंट नूडल्सची चित्रे दाखवली गेली. आपल्या घरचे मीठ मात्र पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या पुरुमेंतात असते: सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी), मिसकूट (कैरीचे मसालेदार लोणचे), तोरांचे म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे लोणचे, खारवलेल्या कैऱ्या. आषाढात मासळी नसली की जेवणात रोज त्यातले काहीतरी असतेच. सुकी मासळी दोन पाण्यांत भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवली तर मिठाचा भाग कमी होतो, हे माझ्या आईच्या पिढीला माहीत होते. वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही. सकाळच्या पाव-भाजीविषयी, पदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याच्या उंड्याऐवजी, म्हणजे गोल पावाऐवजी, कोंड्याची पोळी हा पाव घ्यावा का, याविषयी एका आजींनी विचारलेल्या प्रश्नाला ‘ब्राउन ब्रेड घ्या’ असे उत्तर मिळाले, तेव्हा आजींनी मान हलवून वही मिटली. या सत्राचा तक्ता बदलून नव्याने लिहायला हवा, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

दारू आणि तंबाखू यांना मिळून जेमतेम पंधरा मिनिटे दिली गेली, ही दुसरी मोठी उणीव. गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्यास बंदी करणारा कायदा १९९७ साली, देशव्यापी कायद्याच्या कितीतरी आधी केला. तरीही तंबाखू सोडणाऱ्याला प्रत्यक्ष मदत कशी मिळते, तल्लफ आली की काय करायचे, निकोटिनचे च्युइंगम कसे वापरतात, हे सांगणारे कोणी नसते. सिगारेट सोडल्यानंतर वर्षभरात हृदयरोगाचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. एवढी आशादायक गोष्ट एका वाक्यात उरकणे योग्य नाही. ‘थोडी दारू हृदयाला चांगली’ हा समज फेणीच्या प्रदेशात विशेष लाडका आहे आणि त्याला ठाम उत्तर मिळायला हवे होते. दारू रक्तदाब वाढवते आणि हृदयाचे ठोके अनियमित करू शकते, एवढे तरी बजावायला हवे होते.

पाचवे सत्र औषधांचे होते आणि ते पुन्हा डॉक्टरबाईंचे असल्याने नेमके झाले. आकडा ठीक आला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे लोक प्रत्येक गावात आहेत. आकडा गोळीमुळे ठीक आला आहे, हे त्यांना कोणी तरी एकदा शांतपणे सांगायला हवे असते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांविषयीची भीतीही त्यांनी पुराव्याने दूर केली. हृदयरोग असलेल्या ४,४४४ रुग्णांवर स्कँडिनेव्हियात झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्यांमुळे एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. स्नायू दुखू लागले तर गोळी परस्पर न सोडता डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते, असा त्यांचा सल्ला होता.

सहाव्या सत्रात व्यायाम आणि ताण यांवर जे सांगितले ते सर्वांना ठाऊक असलेले होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे जोरात चालावे आणि कंबर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी, या दोन आकड्यांपलीकडे त्यात नवे काही नव्हते. तो वेळ छाती दाबण्याच्या सरावाला द्यावा.

व्यवस्थेविषयी थोडे. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही. हृदयरोगाच्या वर्गाला येणाऱ्यांमध्ये दम लागणारी माणसे असणारच, त्यामुळे तळमजल्यावरची जागा शोधणे आवश्यक आहे. दिलेली पुस्तिका मजकुराने उत्तम आहे, पण अक्षर इतके बारीक की साठीपुढच्यांना भिंगाशिवाय वाचता येत नाही. पडद्यावरच्या आकृत्यांतील नावे इंग्रजीत होती, ती मराठीत सहज करता येतील. रविवारची सकाळ ही वेळ स्त्रियांसाठी अडचणीची आहे, कारण घरात जेवणाची मोठी तयारी त्याच वेळी असते. वर्गात पुरुषांची संख्या दुपटीहून अधिक होती ती यामुळेच, असे तीन-चार भगिनींनी मला सांगितले. आठवड्यातील एखादी दुपार ठेवली तर हे सहज सुटेल.

ज्यांच्या घरी रक्तदाब किंवा मधुमेहाचे औषध चालू आहे, ज्यांच्या आई-वडिलांना लवकर झटका आला होता आणि जे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची काळजी घेतात, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. दोन माणसे एकाच घरातून आली तर अधिक चांगले, कारण झटका आलेल्या माणसाला स्वतःच्या छातीवर दाब देता येत नाही. ज्यांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून यावे, आणि आपल्या औषधांविषयीचे प्रश्न वर्गात विचारले तरी निर्णय आपल्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा. पुढील वर्ग चवथीनंतर सुरू होणार आहे. नावनोंदणी वाचनालयात प्रत्यक्ष जाऊन करावी लागते आणि जागा मर्यादित आहेत. रक्तदाब मोजण्याचे यंत्र बरोबर न्यायला विसरू नये, कारण दुसऱ्या सत्रात ते वर्गातील यंत्राशी ताडून देतात आणि पट्टा तुमच्या दंडाला पुरतो की नाही हेही पाहतात.